पाण्याला उसंत राहिली नाही

पुणेकराला पूर म्हटला की धरण आठवतं, आणि त्याला कारणही तसंच आहे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटलं, पाठोपाठ खडकवासलाही फुटलं आणि नदीकाठच्या पेठा पाण्यात गेल्या. ज्यांचा तेव्हा जन्मही झाला नव्हता, त्यांच्याही बोलण्यात ‘पानशेतच्या आधी’ आणि ‘पानशेतनंतर’ असा काळ येतो. त्यामुळे जुलैत पाऊस लागून राहिला की आपण बातम्यांत आधी काय शोधतो, तर खडकवासल्यातून किती क्युसेक सोडले. भिडे पूल पाण्याखाली गेला का, हे बघायला डेक्कनला छत्र्या घेऊन गर्दी होते, फोटो निघतात आणि पुलावरचं पाणी उतरलं की पूर संपला, असं सगळे ठरवून टाकतात.

२५ सप्टेंबर २०१९च्या रात्री सहकारनगर, अरण्येश्वर, टांगेवाले कॉलनी, दांडेकर पूल या भागांत शिरलेलं पाणी मात्र पानशेतचं नव्हतं आणि खडकवासल्याचंही नव्हतं. ते आंबिल ओढ्याचं होतं. एरवी त्या ओढ्यावरून जाताना आपण नाकाला रुमाल लावतो, त्याला ओढा म्हणायलाही लोक तयार नसतात, नाला म्हणतात. त्या रात्री त्याने मोटारी एकमेकींवर रचल्या, सीमाभिंती पाडल्या, तळमजल्यावर झोपलेल्या माणसांना उठायलाही वेळ दिला नाही. शहरात आणि आसपास मिळून वीसहून अधिक जीव गेले.

मी तेव्हा तंत्रनिकेतनात स्थापत्यच्या मुलांना जलविज्ञान शिकवत होते. कॉलेज पुन्हा सुरू झाल्यावर वर्गात पहिला प्रश्न आला, ‘मॅडम, ढगफुटी झाली होती का?’ हवामान खात्याच्या हिशेबाने एका तासात शंभर मिलिमीटर पाऊस झाला तर त्याला ढगफुटी म्हणतात. आपण मात्र कपडे वाळत घातलेले भिजले तरी ढगफुटी म्हणतो. शब्द सोयीचा आहे. ढग फुटला म्हटलं की कोणाला जाब विचारायला नको.

मुलांना मी सांगितलं की पाऊस मोठा होताच, त्यात वाद नाही. पण फक्त आभाळाकडे बघू नका, कात्रजकडेही बघा. मग त्या सत्रात आम्ही हा ओढा वरून खालपर्यंत, तुकड्यातुकड्याने, चालत पाहिला.

हा ओढा कात्रजच्या डोंगरात उगम पावतो. भिलारेवाडी, मांगडेवाडी, गुजर-निंबाळकरवाडी अशा वाड्यांच्या अंगाने येणारं पाणी कात्रजच्या तलावात जमतं आणि तिथून धनकवडी, पद्मावती, अरण्येश्वर, सहकारनगर करत दांडेकर पुलाखालून मुठेला मिळतं. नानासाहेब पेशव्यांनी अठराव्या शतकाच्या मध्याला कात्रजला तलाव बांधून तिथलं पाणी भुयारी नळांनी शनिवारवाड्याकडे आणि पेठांतल्या हौदांकडे आणलं, ते हेच खोरं. ओढ्याचा जुना प्रवाह गावाच्या मधून जायचा. तो त्यांनी पर्वतीच्या बाजूला वळवला आणि पर्वतीच्या पायथ्याशी तळं केलं. आज आपण सारसबागेत भेळ खातो ती त्या तळ्याच्या जागेत. ‘तळ्यातला गणपती’ हे नाव तेवढं शिल्लक आहे. पेशव्यांनी ओढा वळवला, पण वळवताना त्याला वाटेत थांबायला जागा ठेवल्या. वर तलाव आणि खाली तळं. ही गोष्ट पुढे लागेल, म्हणून लक्षात असू द्या.

आता पाणी मुरण्याबद्दल.

मुलांकडून मी एक साधा प्रयोग करून घ्यायचे. रंगाचा रिकामा डबा घ्यायचा, त्याचं बूड कापून टाकायचं आणि तो चार बोटं जमिनीत ठोकायचा. आत मोजपट्टी उभी करायची, ठरावीक खुणेपर्यंत पाणी ओतायचं आणि ते किती वेळात खाली जातं ते घड्याळावर बघायचं. तळजाईच्या टेकडीवर, जिथे झाडाखाली पालापाचोळा साठलाय, तिथे खुणेपर्यंत पाणी भरणंच अवघड जातं. ओतता ओतताच ते खाली जायला लागतं. एकाने ओतत राहायचं आणि दुसऱ्याने लिहीत राहायचं. नंतर कॉलेजच्या क्रिकेटच्या मैदानात तोच डबा ठोकला की पाणी ढिम्म हलत नाही. मुलं चहा पिऊन येतात तरी पट्टीवरचा आकडा तोच. इथे त्यांना नवल वाटायचं, कारण मैदानात सिमेंटचा कणही नाही, सगळी माती आहे. पण जमीन पाणी पिते ती मुळांनी केलेल्या वाटांतून, गांडुळांच्या बिळांतून, मातीच्या कणांमधल्या फटींतून. वर्षानुवर्षं रोलर फिरला की या फटी मिटतात. मोटारी लावून लावून चेपलेलं आवारही असंच. वरून माती दिसते, आतून ती फरशीइतकीच बंद असते.

तिसरी जागा असायची कुठल्या तरी सोसायटीचं वाहनतळ. पेव्हर ब्लॉकवर डबा ठोकता येत नाही, म्हणून कडेने शाडू लावून तो बसवायचा. विक्रेते सांगतात की ब्लॉकच्या सांध्यांतून पाणी मुरतं. खाली नुसती वाळू-कच असेल तर मुरतं, अगदी थोडं. पण ब्लॉक खचू नयेत म्हणून बहुतेक जण खाली आधी काँक्रीटचा थर टाकून घेतात, आणि मग पाणी सांध्यांत उतरतं ते तिथेच बसतं.

याच्याही पुढची गंमत नव्या संकुलांत आहे. माहितीपुस्तिकेत हिरवीगार बाग असते, प्रत्यक्षातही असते. हिरवळ, पामची झाडं, मुलांची घसरगुंडी, सगळं. पण ती बाग पोडियमवर असते, म्हणजे वाहनतळाच्या स्लॅबवर. मातीचा थर हात-दीड हात, त्याखाली वॉटरप्रूफिंग, त्याखाली मोटारी. तळघर भूखंडाच्या कडेपर्यंत खणलेलं असल्यामुळे खऱ्या जमिनीला स्पर्श करणारी माती त्या साऱ्या आवारात कुंडीपुरतीही उरत नाही. अशा बागेला हिरवं क्षेत्र मानणं म्हणजे गच्चीवरच्या तुळशीवृंदावनाला जंगल म्हणण्यासारखंच आहे.

आपल्या भागात मुळातच मुरायला जागा कमी. खाली काळा पत्थर, त्यावर मुरूम, डोंगरउतारावर त्या मुरुमावर वीतभर माती. त्या वीतभर मातीचं आणि तिच्यावरच्या गवताचं काम पाणी पोटात साठवण्यापेक्षा त्याला अडखळायला लावण्याचं जास्त असतं. इमारतीसाठी डोंगर कापताना आधी जातो तो हा थर. बरं, तो जातो कुठे? मुरूम ट्रकने खाली येतो आणि सखल जागी, पुष्कळदा ओढ्याच्याच काठाला, भराव म्हणून पडतो. वर पाणी थांबवणारी वस्तू खाली आणून पाण्याची वाट अडवायला वापरायची, असा हा दुहेरी व्यवहार आहे. डोंगरफोडीचं पाणी काय करतं ते घाटापलीकडे शिंदेवाडीने २०१३च्या जूनमध्ये पाहिलं. महामार्गावर आलेल्या लोंढ्यात एक मोटार वाहून गेली आणि मायलेकी दगावल्या. पावसाळा तेव्हा नुकता सुरू होत होता.

या सगळ्याचा एक जुना हिशेब आहे. मल्व्हनी नावाच्या आयरिश अभियंत्याने तो १८५१ साली मांडला आणि आजही पावसाळी गटाराचा पाइप केवढा घालायचा ते बहुतेक ठिकाणी त्याच हिशेबाने ठरतं. पाणलोटाचं क्षेत्र, पावसाचा जोर आणि पडलेल्या पावसातला वाहून जाणारा वाटा, या तिघांचा गुणाकार करायचा. आपल्या जुन्या मापांत तो फार सुटसुटीत बसतो. एक एकर जमिनीवर तासाला एक इंच या वेगाने पाऊस पडला आणि सगळाच वाहून गेला, तर जवळजवळ बरोबर एक क्युसेक पाणी तयार होतं. आता डोंगरउताराची शंभर एकर जमीन घ्या आणि पाऊस ताशी दोन इंच धरा. त्यातला एक थेंबही मुरला नाही तर होतात दोनशे क्युसेक. गवत-झुडपं असलेल्या उतारावरून त्यातला साधारण तिसरा हिस्सा वाहतो असं धरलं, तर साठ-सत्तर. तिथे इमारती, रस्ते, फरशा झाल्या की वाटा नव्वद टक्क्यांवर जातो, म्हणजे एकशेऐंशी. पाऊस तोच आणि डोंगरही तोच, पण खालच्या मोरीला येणारं पाणी जवळपास तिप्पट.

एवढ्यावर वर्तमानपत्रातले लेख थांबतात. ‘काँक्रिटीकरणामुळे पाणी मुरत नाही’ हे वाक्य आता शाळेच्या निबंधातही येतं. माझ्या मते त्याहून मोठी गोष्ट वेळेची आहे, आणि तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं.

गवतातून, दगडगोट्यांतून, शेताच्या बांधाला अडत पाणी सरकतं तेव्हा त्याचा वेग सेकंदाला वीतभरही नसतो. तीनशे मीटर जायला त्याला पाऊण-एक तास सहज लागतो. तेच पाणी गच्चीवरून पाइपात, पाइपातून चेंबरमध्ये, तिथून रस्त्याखालच्या नळीत गेलं की सेकंदाला दोन मीटरने पळतं. तेच तीनशे मीटर अडीच मिनिटांत. म्हणजे पाणी जास्त झालं हे खरंच, पण ते सगळं एकाच वेळी यायला लागलं. लग्नात पाचशे पानं पंगतीपंगतीने निवांत उठतात. तीच पाचशे माणसं एकदम दारात आली तर कार्यालय तेच असूनही चेंगराचेंगरी होते. ओढ्यात तेच होतं. मोरीला दिवसभरात किती पाणी गेलं याच्याशी काही देणंघेणं नसतं. ऐन जोराच्या वीस मिनिटांत किती आलं, यावर पाणी मोरीतून जाणार की वरून, हे ठरतं.

यात शहर कुठल्या दिशेने वाढलं, यालाही महत्त्व आहे. समजा, पाणलोटाचा फक्त खालचा भाग, ओढा नदीला मिळतो त्याच्या जवळचा, बांधला गेला. तर त्या भागाचं पाणी लवकर निघून जातं आणि वरच्या डोंगराचं पाणी सावकाश मागून येईपर्यंत ओढा मोकळा झालेला असतो. पेठा आणि पर्वतीच्या आसपासच्या वसाहती झाल्या तेव्हा परिस्थिती अशी होती. मग शहर चढायला लागलं. सहकारनगर, धनकवडी, कात्रज, आंबेगाव, आणि आता डोंगराच्या अगदी कुशीतल्या वाड्या. आंबेगाव २०१७ साली महापालिकेत आलं, भिलारेवाडी-मांगडेवाडी २०२१ साली. बांधकामं अर्थातच हद्द यायची वाट बघत थांबली नव्हती. वरच्या उतारांवर छपरं आली तशी वरच्या पाण्याची चाल वाढली, आणि जे पाणी खालच्या पाण्याच्या मागून यायचं ते आता त्याला गाठायला लागलं. दोन्ही लोंढे एकाच वेळी एकाच मोरीवर. सहकारनगरच्या रहिवाशांनी आपल्या आवारात काही बदललं नसेल, तरी त्यांचा ओढा बदलला. बदल त्यांच्यापासून पाच-सहा किलोमीटर वर झाला.

त्या रात्रीनंतर ओढ्याच्या काठाने भिंती बांधणं, पात्र खोल करणं, वळणं काढणं, मोऱ्या रुंद करणं याची चर्चा झाली, काही कामंही झाली. मोऱ्या रुंद व्हायलाच हव्यात. राडारोड्याने अर्धी भरलेली मोरी म्हणजे ओढ्यातलं धरणच, आणि दार नसलेलं. पण सरळ, गुळगुळीत, भिंतबंद ओढ्यातून पाणी आणखी जोरात जातं, आणि जातं ते खालच्या माणसाच्या दारात. वळणं ही ओढ्याची खोड नसते, तिथे त्याचा जोर मोडतो. सगळा ओढा गटारासारखा सरळ केला तर अरण्येश्वरचा प्रश्न दांडेकर पुलाला नेऊन दिला, एवढंच होईल.

दांडेकर पुलावरून आठवलं. २०२१च्या जूनमध्ये ओढ्याच्या कामासाठी तिथली घरं पाडायला सुरुवात झाली आणि मोठा वाद झाला. ओढ्याच्या पात्रात माणसांनी राहणं धोक्याचं आहे, यात शंका नाही. २०१९ साली जीवही त्यांचेच जास्त धोक्यात होते. पण माझ्यासारख्या हिशेब करणाऱ्या बाईला एक गोष्ट खटकते. ओढ्याला चिकटलेली झोपडी नकाशावर लगेच लाल दिसते, तिला नोटीस जाते. ज्या छपरांनी आणि फरशांनी ते पाणी तिप्पट करून खाली पाठवलं, ती ओढ्यापासून लांब, उंचावर, मंजूर नकाशांसह उभी आहेत. त्यांना कोणी पत्रही पाठवत नाही. पूर भोगणारा सापडतो, पूर पाठवणारा सापडत नाही, कारण तो एक नसतो. तो आपण सगळे मिळून असतो, थोडा थोडा.

मुंबईने ही गोष्ट कागदावर निदान मान्य तरी केली. ब्रिटिशांच्या काळातली तिथली पावसाळी गटारं ताशी २५ मिलिमीटर पावसासाठी, तेही समुद्राला ओहोटी असेल असं धरून आखली होती. आणि पडलेल्या पावसातला अर्धा जमिनीत मुरेल, असं त्या हिशेबात गृहीत होतं. तेव्हा ते बरोबर होतं. वाड्या होत्या, मिठागरं होती, शिवडीपासून माहीमपर्यंत चिखलाच्या खाड्या होत्या. १९८५च्या पुरानंतर ब्रिमस्टोवॅड नावाचा अहवाल तयार झाला, तो १९९३ साली आला. त्यात क्षमता ताशी ५० मिलिमीटर करा असं सांगितलं होतं, आणि हिशेबातला वाहून जाणारा वाटा अर्ध्यावरून पूर्ण एक केला होता. म्हणजे यापुढे मुंबईत एक थेंबही मुरणार नाही, असं धरून चला. एका आकड्यात एका शहराच्या जमिनीचा निकाल लागलेला मी दुसरीकडे पाहिलेला नाही. मी हा आकडा वर्गात फळ्यावर मोठा लिहायचे. पुढे २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्यापुढे कुठलंच गटार टिकलं नसतं हे कबूल; पण मिठीच्या काठची खारफुटी, विमानतळाच्या धावपट्टीखाली आणि वांद्र्याच्या नव्या संकुलाभोवती आक्रसलेलं तिचं पात्र, हे सगळं त्या दिवशी एकदम हिशेबाला आलं.

इथे एक सावधगिरीची सूचना द्यायला हवी, कारण हल्ली प्रत्येक पुराचं खापर काँक्रीटवर फोडायची फॅशन आहे. फरशांचा परिणाम सगळ्यात जास्त दिसतो तो लहान पाणलोटात आणि थोड्या वेळात जोराने पडणाऱ्या पावसात. ऑगस्ट २०१९ला कोल्हापूर-सांगलीला आलेला महापूर त्या जातीचा नव्हता. पंचगंगेची धोका पातळी राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट; तेव्हा पाणी ५५ फुटांपलीकडे गेलं. घाटमाथ्यावर दिवसेंदिवस पाऊस कोसळत होता. अशा वेळी माती आधीच तुडुंब भरलेली असते आणि जंगलातली जमीनसुद्धा फरशीसारखीच वागते. तिथे प्रश्न फरशीचा कमी आणि नदीच्या पसरण्याच्या जागेत आपण जाऊन बसलो याचा जास्त. हे दोन वेगळे आजार आहेत आणि औषधंही वेगळी आहेत. पुण्याचं दुर्दैव असं की इथे दोन्ही आहेत. ओढ्यांना पहिला, मुठेला दुसरा.

मुठेचं २५ जुलै २०२४ला दिसलं. सिंहगड रस्त्यावर एकतानगरीत पहाटे पाणी शिरलं तेव्हा खडकवासल्यातून साधारण ३५ हजार क्युसेक विसर्ग होता. पूररेषेच्या नकाशात निळी रेषा, म्हणजे सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, ६० हजार क्युसेकला धरलेली आहे आणि लाल रेषा एक लाखाला. मग ३५ हजारांत पाणी घरात कसं? एक तर रेषा आखली तेव्हाचं पात्र राहिलं नाही. काठावर भराव पडले, पात्र अरुंद झालं. आणि दुसरं, धरणाच्या दारातून मोजलेलं पाणी म्हणजे पुण्याला येणारं सगळं पाणी नव्हे. धरणाच्या खालचा जो मुक्त पाणलोट आहे, धायरी, वडगाव, वारजे, शिवणे, त्यावर पडलेला पाऊस दाराच्या आकड्यात येत नाही. हा पाणलोट एके काळी शेतांचा होता. आता तो छपरांचा आहे, आणि त्याचं पाणी धरणाचं पाणी पोचायच्या आधी किंवा नेमकं त्याच्याबरोबर नदीत उतरतं. विसर्गाची पट्टी बघून निर्धास्त झोपणं म्हणूनच बरं नाही.

उपाय विचाराल, तर पाणी वाटेत थांबवायचं. पेशव्यांनी वर तलाव आणि खाली तळं ठेवलं तेच, फक्त आता तेवढी मोठी जागा कुठेच नाही, म्हणून हजारो छोट्या जागांत. पर्जन्यजलसंधारण मोठ्या बांधकामांना सक्तीचं आहे, महापालिका त्यासाठी मिळकतकरात सवलतही देते. चांगलंच आहे. पण बोअरवेलच्या कडेला केलेला एक शोषखड्डा भूजलासाठी ठीक. ऐन सरीत तो किती पाणी पिणार? दोन वर्षांत त्याची जाळी गाळाने बुजते आणि मग तो फक्त नकाशावर असतो. पुरासाठी लागते टाकी. मोकळी, रिकामी, पावसाच्या जोरात भरणारी आणि नंतर बारीक तोंडाने चार-सहा तासांत सावकाश रिकामी होणारी. त्या टाकीने पाणी साठवायचं नाही, नुसतं रांगेत उभं करायचं.

तिचा आकार घाबरण्यासारखा नाही. हजार चौरस मीटर छप्पर असलेल्या सोसायटीवर तासात ५० मिलिमीटर पाऊस पडला तर पन्नास हजार लिटर पाणी होतं. पाच बाय पाच मीटरचा, दोन मीटर खोल हौद ते सगळं पोटात घेतो. पन्नास हजार लिटर म्हणजे दहा हजारी पाच टँकर. एप्रिल-मेमध्ये जी सोसायटी टँकरवाल्याला फोन करून करून मेटाकुटीला येते, तीच जुलैत तासाभरात पाच टँकर रस्त्यावर ओतून मोकळी होते, आणि खालच्या वस्तीत पाणी शिरलं की बातमी बघून हळहळते.

माझी भाची जर्मनीत स्टुटगार्टजवळ राहते. तिथे घराचं बिल येतं त्यात पावसाच्या पाण्याचा वेगळा आकार असतो, आणि तो ठरतो आवारातली किती चौरस मीटर जागा झाकलेली आहे यावर. छप्पर, फरशी, ड्राइव्ह-वे, सगळं मोजून. तिने घराच्या बाजूचा कोबा उखडून तिथे खडी टाकली, तशी बिलात कपात झाली. आपल्याकडे मिळकतकर बांधलेल्या चटईक्षेत्रावर आहे. फरशी कितीही पसरा, ती फुकट. माझ्या मते ज्या दिवशी फरशीच्या चौरस मीटरला पैसे पडतील, त्या दिवशी पेव्हर ब्लॉकची हौस पुष्कळ ओसरेल.

तोवर काय? आमच्या सोसायटीत आवारातली माती काढून पेव्हर ब्लॉक बसवायचा ठराव आला तेव्हा मी हा सगळा हिशेब मांडला. चेअरमनकाकांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘मॅडम, तुमचं शास्त्र बरोबर आहे. पण चिखल होतो, डास होतात, स्कूटरचा स्टँड रुततो. झाडणाऱ्या मावशी तक्रार करतात. त्याचं काय करायचं?’ प्रश्न रास्त होता. चिखल रोज दिसतो. आपल्या आवारातून निघालेल्या पाण्याने खाली काय केलं ते आपल्याला कधीच दिसत नाही. शेवटी तडजोड झाली. चाकं जातात त्या दोन पट्ट्यांवर ब्लॉक, बाकी जागेत खडी, झाडांभोवती माती मोकळी, आणि गच्चीचे दोन पाइप रस्त्याऐवजी मागच्या बाजूच्या जुन्या, वापरात नसलेल्या हौदात सोडले. खर्च पूर्ण फरसबंदीपेक्षा कमीच आला. स्कूटरचे स्टँड रुतत नाहीत.

सहकारी सोसायट्यांच्या वार्षिक सभा सप्टेंबरअखेर होतात, परतीच्या पावसाच्या तोंडावर. यंदाच्या सभेत दोन गोष्टी विचारा: आपल्या भूखंडाचे एकूण किती चौरस मीटर झाकलेले आहेत, आणि गच्चीचं पाणी पाइपातून निघाल्यावर नेमकं कुठे जातं. उत्तर कोणाला देता आलं नाही तर पुढच्या सभेपर्यंत मोजून ठेवायला सांगा, आणि ते इतिवृत्तात लिहून घ्या. मोजायला टेप लागतो आणि एक रविवार.